चाकांवरच्या घराला वीज मिळते, मैला टाकायला जागा मिळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चाकांवरच्या घरांविषयीचा, म्हणजे कॅरव्हॅनविषयीचा, लेख वाचला. ना विजेचे बिल, ना पाणीपट्टी, डोंगरात मन रमेल तिथे मुक्काम, असा त्याचा एकंदर सूर होता. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमनच्या मुलांना शिकवून निवृत्त झालो असून, गेली तीन वर्षे थंडी-उन्हाळ्यातले चार महिने आम्ही उभयता अशाच गाडीत काढतो. लेखात विजेबद्दल जे लिहिले आहे ते बव्हंशी खरे आहे. पण वीज हा या राहणीतला सर्वांत सोपा भाग आहे आणि अवघड भागाचा लेखात उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या गाडीच्या टपावर ४०० वॅटची सौर पटले आहेत आणि आसनाखाली १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे साधारण अडीच युनिट साठवण. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात पौष-माघातल्या निरभ्र दिवशी, टपावर आडव्या बसवलेल्या पटलांतून सगळी घट वजा जाता सव्वा ते दीड युनिट हाती येते. लहान फ्रीज त्यातले अर्धा-पाऊण युनिट खातो; दोन पंखे, दिवे, पाण्याचा पंप आणि फोन मिळून तेवढेच आणखी जाते. हिशेब जेमतेम जुळतो. मात्र इंडक्शनच्या शेगडीवर तासभर स्वयंपाक केला की दिवसाची सारी कमाई संपते, त्यामुळे आमच्याकडे पाच किलोचा गॅस सिलिंडर आहे आणि तो आहे हे सांगण्यात कमीपणा वाटायचे कारण नाही.

वायरिंगबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण घरच्या विजेची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. दीड हजार वॅटची किटली घरी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेते. तीच किटली इन्व्हर्टरमार्फत चालवताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जातो. आमची गाडी पहिल्यांदा एका वर्कशॉपमध्ये सजवून घेतली, तेव्हा तिथल्या कारागिराने फ्रीजला दारावरच्या घंटीला वापरतात तसली बारीक वायर जोडली होती आणि बॅटरीच्या तोंडाशी फ्यूजच बसवला नव्हता. बॅटरी भरलेली असूनही फ्रीज सुरू होताना वायरीतच व्होल्टेज गळे आणि तो कुरकुर करून बंद पडे. पहिल्या मुक्कामी रात्री दोन वाजता पत्नी उठून म्हणाली, ‘‘अहो, दूध नासलं बहुतेक.’’ सकाळी वायर चाचपली तर ती कोमट लागली. आयुष्यभर मुलांना जे शिकवले तेच मी स्वतः तपासले नव्हते. मग सहा चौरस मिलिमीटरची वायर ओढली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला, तेव्हापासून तक्रार नाही.

मृग लागला की मात्र हे सारे गणित कोलमडते. एका आषाढात हट्टाने जांबोटीजवळ तीन दिवस राहून पाहिले. तीन दिवसांत मिळून पटलांनी एक युनिटही दिले नाही आणि चादरींना जो कुबट वास लागला तो घरी येऊन दोनदा धुतल्यावर गेला. इंजिन चालवून बॅटरी भरता येते हे खरे, पण आमच्या ३० अँपिअरच्या चार्जरवर ती भरायला सहा-सात तास लागतात, आणि एवढे डिझेल जाळायचे तर पर्यावरणाचे नाव कशाला घ्यायचे? चोर्ला घाटाच्या माथ्यावर बारमाही सौर मुक्कामाची स्वप्ने पाहणाऱ्यांनी आधी श्रावणाचा एक आठवडा काढून पाहावा.

आता मूळ मुद्दा. शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. गाडीत आम्हा दोघांचे मिळून तीस लिटरांत भागते आणि १२० लिटरांची टाकी चार दिवस पुरते. बचत मोठी आहे, यात शंका नाही. पण भरलेले पाणी साबणासह बाहेरही पडतेच. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिच्या काठी गाडी लावून खालचा नळ सोडून देणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की हीच नदी पुढे खानापुरातून वाहत सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात जाते आणि हुबळी-धारवाडची माणसे ते पाणी पितात. शौचालयाची गोष्ट तर याहून बिकट आहे. वीस लिटरांची मैल्याची पेटी दोघांसाठी तीन-चार दिवसांत भरते. तिच्यात ओततात ते निळे रसायन वास दाबते, पण पुष्कळ रसायने मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाही मारतात, म्हणून ती पेटी एखाद्याच्या सेप्टिक टाकीत रिकामी करणे म्हणजे त्या घरमालकाशी वैर घेणे. आम्ही लघवी वेगळी काढणारे, लाकडाचा भुसा घालायचे शौचालय बसवले आहे. त्याने वास आणि ओल कमी होते, तरी निघालेला मैला नीट कुजवायला जमीन लागते, आणि ती आम्हाला आमच्या गावच्या शेतात आहे, इतरांना असेलच असे नाही.

हे सारे नवे आहे असेही नाही. माझ्या लहानपणी आमची बैलगाडी सौंदत्तीच्या यात्रेला निघे तेव्हा भाकरीचे पीठ, वैरण, पाण्याची घागर आणि कण्याखाली लटकवलेला कंदील, एवढ्यावर आठवडा निघे. आजही निपाणी, चिकोडी, अथणीकडे गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगार कारखान्याभोवतीच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, महिनोन्महिने वीज-नळाविना राहतात. त्याला आपण हलाखी म्हणतो आणि आमच्या गाडीला शाश्वत जीवनशैली म्हणतो. शौचालयाची गरज त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे, विशेषतः त्यांच्या बायका-मुलींना, आणि मैला टाकण्याची जी सोय मी खाली मागतो आहे ती आधी तिथे व्हावी.

कायद्याबाबत थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात मनाजोगते फेरफार करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून जुनी व्हॅन घेऊन घरच्या घरी छत कापायला बसू नये, मोटार कॅरव्हॅनच्या एआयएस-१२४ या मानकाप्रमाणे मान्यता असलेलीच गाडी घ्यावी. सीमाभागातल्यांनी आणखी एक पाहावे: चंदगड-गडहिंग्लजच्या नातलगाकडून घेतलेली कोल्हापूर नोंदणीची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर कलम ४७ प्रमाणे इथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्याच वर्षी केरळनेही. आमच्या जिल्ह्यात अशा गाड्यांसाठीच्या मोठ्या तळांची घाई नाही. खानापूर, निपाणी, संकेश्वर आणि सौंदत्तीचा यात्रातळ या चार ठिकाणी सध्याच्या सार्वजनिक शौचालयाला लागून पेटी रिकामी करण्यासाठी एक रुंद भांडे, ते धुवायला नळ, पिण्याच्या पाण्याची वेगळी तोटी आणि कन्नडबरोबर मराठीतही लिहिलेला फलक, एवढे झाले तरी पुष्कळ. त्यासाठी पन्नास रुपये आकारले तर आम्ही आनंदाने देऊ. आमच्या रोजच्या युनिटांची आणि पाण्याची तीन वर्षांची नोंदवही माझ्याकडे आहे. एखाद्या नगरपालिकेला किंवा गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या वाचकाला ती पाहायची असल्यास आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा, मी वही घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त निदेशक, बेळगाव