घोड्याचे दात फक्त बाजारातच बघायचे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजाराच्या बातम्या दरवर्षी तुमच्या पेपरात वाचतो. अमुक लाखाचा घोडा आला, रोज एवढं दूध पितो, एवढं तूप खातो, फोटो पण झकास असतात. मी वरातीसाठी घोडी पाळणारा माणूस, वडिलांपासूनचा धंदा आहे, त्यामुळे मला जरा वेगळंच बोलायचंय, घोड्याच्या दाढांबद्दल.

बाजारात घोडा पसंत पडला की पहिलं काम काय, तर ओठ उचलून दात बघायचे. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात म्हणून तोपर्यंत वय बरोबर कळतं, पुढे मग दातावरचा खळगा किती झिजला, वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची रेघ कुठवर उतरली (साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसायला लागते, विसाव्यापर्यंत टोकाला पोचते) यावरून अंदाज. आमच्याकडची जुनी माणसं यात एकदम पक्की, शिवाय केसांचा भोवरा कुठे आहे, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का, पंचकल्याण (चारी पाय आणि तोंड पांढरं) आहे का, सगळं बघणार. पण एकदा सौदा झाला आणि घोडा दारात आला की ते तोंड परत कोणी उघडत नाही, आणि बाजारात बघतो ते पण पुढचेच दात, मागच्या दाढांकडे कोण बघतं.

माझंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी घोडी वाळायला लागली. चंदी म्हणजे दाणा वाढवला, जंताचं औषध तीनदा पाजलं, घरच्यांनी नजर उतरवली, काही फरक नाही. गव्हाणीत चघळलेल्या कडब्याचे ओले बोळे पडलेले असायचे, लीदेत हरभरे अख्खेच्या अख्खे, आणि लगाम घातला की मान झटकायची. मला वाटायचं बँडला बिथरते, म्हणून मी वरून दोन शिव्या पण घातल्या तिला, आता आठवलं की लाज वाटते. जवळच्या दवाखान्यात नेली तर तोंड उघडं धरायचं साधनच नव्हतं, डॉक्टरांना तरी काय बोलणार, त्यांच्याकडे दिवसभर गाई म्हशी शेळ्या. शेवटी शहरातल्या घोड्यांच्या एका डॉक्टरांना दाखवली, त्यांनी जबड्यात लोखंडी साधन अडकवलं, बॅटरी मारली आणि मला म्हणाले हात घाला आणि बघा. वरच्या दाढांची बाहेरची कड सुरीसारखी धारदार, गालाला आतून जखमा झालेल्या. गुंगीचं हलकं इंजेक्शन देऊन लांब दांड्याच्या कानशीने कडा घासल्या, तासाभराचं काम. आठवड्याभरात बोळे पडायचे थांबले आणि दोन-तीन महिन्यांत घोडी भरली.

त्यांनी समजावलं ते असं. घोड्याची दाढ हिरडीतून आयुष्यभर थोडी थोडी वर येत राहते, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चघळून तेवढीच झिजते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो म्हणून वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजायची राहते आणि तिला धार येते. रानात चरणारा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो, जबडा आडवा फिरतो. आपण काय करतो, तोबरा भरून दाणा देतो, घोडा पटापट चावून मोकळा, जबडा नीट फिरतच नाही. म्हणजे ज्याला जास्त लाडाने दाणा खाऊ घालतो त्याचीच दाढ जास्त बिघडते! वर नीट न चावलेला चारा पोटात गेला की पोटशूळ उठायची भीती वेगळीच.

वर्षातून एकदा दाढा दाखवायच्या, दोन ते पाच वर्षांच्या शिंगराला दर सहा महिन्यांनी, कारण तेव्हा दात बदलत असतात. बाकी धनुर्वाताची लस तर चुकवूच नका, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि नालेचा एक खिळा चुकीचा लागला तरी पुरतं. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी. जंताचं औषध माझ्यासारखं आंधळेपणाने पाजत बसू नका, आधी लीद तपासून घ्या. नाकातून घट्ट पू आणि अंगावर गाठी दिसल्या तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा, तो ग्लँडर्स नावाचा रोग असू शकतो, त्याला लस नाही, तो माणसाला पण होतो आणि निघाला तर घोडा मारावाच लागतो. आणि ते काटेरी लगाम, जनावरांचा छळ होऊ नये म्हणून केलेल्या १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे त्यांच्यावर, तरी वरातीत सर्रास दिसतात. आतून गाल फाटलेला आणि वरून काटे, मग घोडी उधळली की आपण तिलाच बदमाश म्हणतो.

२०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे होते, २०१९ ला साधारण ३ लाख ४० हजार उरले. इतके कमी झाल्यावर घोड्याचा डॉक्टर गावोगाव कुठून मिळणार, ते मला पण कळतं. म्हणूनच म्हणतो, दत्तजयंतीला सारंगखेड्यात शेकडो घोडे एका जागी असतात, तेव्हाच पशुसंवर्धन खात्याने दोन दिवस दाढांची तपासणी ठेवावी, एक जाणकार डॉक्टर आणावा आणि आसपासच्या तालुक्यांतल्या डॉक्टरांना शेजारी उभं करून कानस कशी चालवायची ते दाखवावं. फी घ्या हवी तर, लाखाचा घोडा घेणारा देईल की. अकलूजच्या घोडेबाजारात आणि माळेगावच्या यात्रेत पण हेच करता येईल.

माझी घोडी मी पहिल्या नंबरला आणतो. फक्त सकाळची वेळ द्या, मार्गशीर्षात संध्याकाळी वरात असते.

आपला,
एक घोडीवाला, शहादा तालुका