यंत्रं पाठवण्याआधी क्रीडाशिक्षकांना शिकवा

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत खो-खो आणि कबड्डी शिकवतो. आमच्या भागातल्या व्यायामशाळेत मध्यंतरी नवी यंत्रं आली. आठवीतल्या एका पोराला मांड्यांच्या यंत्रावर बसवलं. पाठ टेकवली तर पोटऱ्या सीटवरच, पुढे सरकला तर पाठ अधांतरी. यंत्राचं बिजागर आणि त्याचा गुडघा काही केल्या एका रेषेत येईनात. यंत्र मोठ्या माणसाच्या मापाचं. आता त्यावर मुलांची दप्तरं टांगलेली असतात.

साहेब, गुडघा दाराच्या बिजागरीसारखा. वाकतो, सरळ होतो, पीळ फारसा सोसत नाही. गोल फिरायचं काम खुब्याचं, तो उखळीतला सांधा. खांबावर झपकन वळताना खुब्याचे स्नायू कच्चे असतील तर तो पीळ गुडघ्यावर येतो. वयात येणाऱ्या मुलींत तर गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, फाटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त. उडी मारून उतरताना पोरीचे गुडघे आत झुकतात का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. पण हे पाहायला आम्हाला कुणी शिकवलं? मला तरी नाही.

दुसरीकडे पालक म्हणतात, ‘वजन उचललं की उंची खुंटते.’ तसं होत नाही. वाढत्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते, तिथूनच हाड लांबीला वाढतं. तिला धोका झेपत नसलेल्या वजनाचा आणि चुकीच्या पद्धतीचा. देखरेखीखालच्या व्यायामाचा नाही. जागतिक आरोग्य संघटना तर 5 ते 17 वयाच्या मुलांना आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम करायला सांगते. आपले जोर, बैठका, दोरीवर चढणं, मलखांब त्यात चपखल बसतात. पण बैठकही टाचा न उचलता, पाठीचा कणा न मोडता जमली पाहिजे. ती जमल्याशिवाय मी कुणाच्या खांद्यावर बार देत नाही.

मागणी एकच: पुढची यंत्रं घेण्याआधी प्रत्येक तालुक्यात क्रीडाशिक्षकांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्या. सभागृहात पडद्यावर नको, मैदानात, पोरांसमोर. तोही शालेय स्पर्धा सुरू व्हायच्या आधी. एकदा स्पर्धा लागल्या की परीक्षेतल्या वाढीव गुणांच्या आशेने मुलं दुखणंही लपवतात.

आपला,
एक क्रीडाशिक्षक