मंत्रीसाहेब, थेरपीच्या प्लॅनमधून 'मुलीसारखं वाग' काढून टाका

आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी ऑटिस्टिक बाई आहे आणि थेरपी सेंटरच्या नियमांबद्दल लिहितेय. प्लॅनमध्ये बोलणं, जेवणं, स्वतःचं आवरणं असतं ते ठीकच आहे, पण त्यातच हळूच घुसवलेलं असतं की मुलीने पाय जुळवून बसावं, हसून बोलावं, आणि मुलाने हात असे उडवू नयेत, बायकी दिसतं. याचा उपचाराशी काय संबंध?

आमच्यातल्या बऱ्याच जणांचे कपडे आणि केस आधी अंगाला काय सोसतं त्यावर ठरतात. लेबल टोचतं, लेस खाजते, ब्रा दिवसभर घालणं म्हणजे शिक्षाच, मग बाई ढगळ टीशर्टात राहते आणि लोक म्हणतात पुरुषी आहे. एखाद्या मुलाला ट्रिमरचा आवाज सहन होत नाही म्हणून केस वाढलेले असतात, तो लगेच बायल्या ठरतो. आणि काहींना तसंच आवडतं, आवाजबिवाज काही कारण नसतं, तेही चाललं पाहिजे ना, दरवेळी कारण कशाला द्यायचं?

२०२० मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास आला, त्यात ट्रान्स आणि जेंडर डायव्हर्स (बाई-पुरुष या ठरलेल्या चौकटीत न बसणाऱ्या) लोकांमध्ये ऑटिझम ३ ते ६ पट जास्त दिसला. तरी आमच्यातलं कोणी स्वतःच्या जेंडरबद्दल बोललं की उत्तर ठरलेलं, ऑटिस्टिक आहे, त्याला काय कळतंय. (प्लॅनवर सही घेताना मात्र सगळं कळतं.)

आणि हे आजचं नाहीये. ज्या मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासाने एबीए थेरपी, म्हणजे ऑटिस्टिक मुलांना बक्षीस देऊन वागणं शिकवायची पद्धत, गाजली, त्यांनीच १९७४ मध्ये जॉर्ज रेकर्स यांच्यासोबत एका लहान मुलाचं 'बायकी' वागणं मोडून काढायचा प्रयोग छापला होता, पद्धत तीच, हवं तसं वागलास तर बक्षीस. तो प्रयोग छापणाऱ्या जर्नलला यावर जाहीर चिंता व्यक्त करायला २०२० उजाडलं.

ऑटिस्टिक मुली तर घाबरून इतकं छान मास्किंग, म्हणजे आपलं ऑटिस्टिक असणं लपवणं, शिकतात की कित्येकींचं निदानच होत नाही, आणि घरी येऊन कोसळतात.

मागणी छोटी आहे. ज्या वागण्याने कोणालाच त्रास नाही, फक्त मुलासारखं किंवा मुलीसारखं दिसत नाही, ते बदलणं हे थेरपीचं ध्येय म्हणून लिहिता येणार नाही, असं नियमात टाका. आणि तो नियम लिहिताना ऑटिस्टिक मोठी माणसं, त्यातली ट्रान्स माणसंही, समितीत घ्या. मीटिंगचा अजेंडा आधी लेखी पाठवा म्हणजे आम्हाला नीट बोलता येईल.