कॅमेऱ्यातले फोटो थेट कॉम्प्युटरवर

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, शिवडीच्या फ्लेमिंगोंचे अडीचशे फोटो अजून कॅमेऱ्यातच आहेत, असं आई म्हणाली. दर वेळी ते नखाएवढं कार्ड काढायचं आणि परत घालायचं, ही कटकट टाळता येते. तुमचा कॅनन २००डी मार्क टू घरच्या वाय-फायवरून आपणहून फोटो पाठवतो. एकदाच जोडणी करावी लागते, तिला अर्धा तास धरा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पासवर्ड टाइप करणं वैतागाचं काम आहे, ते आईकडे द्या.

आधी राउटर. त्याची दोन नावं दिसत असतील, त्यातलं एक ५जी लिहिलेलं. हा मोबाईलचा ५जी नव्हे, ही ५ गिगाहर्ट्झची लहर. तुमच्या कॅमेऱ्याला फक्त २.४ चालते, म्हणून कॅमेरा दुसऱ्या, साध्या नावाच्या वाय-फायलाच जोडायचा. कॉम्प्युटरही त्याच नावावर ठेवा म्हणजे घोळ नको. 'गेस्ट' नावाचं वाय-फाय मुळीच नको, कारण त्यावरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

मग कॉम्प्युटरवर कॅननच्या साइटवरून 'इमेज ट्रान्सफर युटिलिटी २' हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ते पहिल्यांदा उघडल्यावर विंडोज परवानगी मागेल, तिथे 'प्रायव्हेट नेटवर्क'वर खूण करून 'अलाउ' दाबा. घाईत 'कॅन्सल' दाबलं तर पुढे कॅमेरा नुसता शोधत बसतो आणि आपण राउटरला शिव्या देतो. शिवाय सेटिंग्जमध्ये आपल्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. बहुतेक अडचणी इथेच असतात, कॅमेऱ्यात नाही. फोटो कुठल्या फोल्डरमध्ये पडावेत तेही याच वेळी ठरवा.

आता कॅमेरा. पान्याच्या खुणेखाली 'वायरलेस कम्युनिकेशन सेटिंग्ज', त्यात कॉम्प्युटरला आपोआप फोटो पाठवण्याचा 'ऑटो सेंड' पर्याय आहे, तो 'एनेबल' करा. कॅमेऱ्याचं टोपणनाव विचारलं तर आहे तेच राहू द्या. वाय-फायचं नाव निवडून आईने पासवर्ड टाकायचा. मोठी-लहान अक्षरं जशीच्या तशी. आयपी अ‍ॅड्रेस 'ऑटो'च ठेवा. कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर जोडणीच्या पानावर उघडं हवं, तिथे कॅमेऱ्याचं नाव दिसलं की 'कनेक्ट'. कुठल्या तारखेपासूनचे फोटो पाठवायचे, तेही कॅमेऱ्यातच ठरवता येतं. नाहीतर जुने सगळे फोटो रांग लावतील.

यापुढे घरी आल्यावर कॅमेरा नुसता चालू करायचा. एक खोच मात्र आहे: पाठवणं सुरू झाल्यानंतर काढलेले फोटो त्या खेपेत जात नाहीत. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला की ते जातात. आई, रांगोळीचे फोटो मध्येच काढलेस आणि ते दिसले नाहीत तर घाबरू नकोस.

एक जेपीईजी, म्हणजे नेहमीचा फोटो, साधारण ८ एमबीचा, म्हणजे अडीचशेचे झाले २ जीबी. आपल्या इमारतीत शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी आहे आणि दादरच्या त्या जुन्या भिंती जाडच्या जाड, त्यामुळे मागच्या खोलीतून तासभरही लागू शकतो. हॉलमध्ये, राउटरजवळ बसा. रॉ फाइल, म्हणजे फोटोची कच्ची, मोठी फाइल, २८ एमबीच्या आसपास जाते. त्या खूप असतील तर सरळ कार्ड रीडर वापरा, उगाच हट्ट नको.

बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, वाय-फाय ती भराभर खातं. लॅपटॉपचं झाकण मिटू नका. तो झोपला की फोटो अडकले. कॅमेऱ्याला यूएसबी केबल लावलेली असेल तर वाय-फाय चालत नाही. आणि वायफायवाल्याने येऊन पासवर्ड बदलला, तर कॅमेऱ्यातही नवा टाकावा लागेल.

पाठवल्यावर कार्डातले फोटो पुसले जात नाहीत. कॉम्प्युटरवर चार-पाच फोटो मोठे करून बघा, बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढा आणि मगच कार्ड फॉरमॅट करा. कुठे अडलात तर पडद्यावर आलेला एरर नंबर फोनने टिपून मला पाठवा.

तुमची,
मनू