बाबा, चाक तुम्ही काढायचं नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

तुमच्या पोर्शे बॉक्सस्टर गाडीत ब्रेकचा दिवा लागलाय. फोनवर तो विषय काढला की बाबा "बघतो, बघतो" म्हणतात आणि आई फोन ओढून घेते, म्हणून लिहितेय. बॉक्सस्टरचं काम मी ठरवून टाकलंय. गुरुवारी सकाळी मेकॅनिक घरीच येईल, पैसे दिलेत. बाबा, रागावू नका. तुमच्याइतकी ती गाडी कुणालाच कळत नाही. पण बायपासनंतर जड उचलायचं नाही, आणि चाकाचे बोल्ट १३० न्यूटन-मीटरला आवळलेले असतात. लेस्टरच्या ओल्या थंडीत तुम्ही ते सोडवत बसलेले मला चालणार नाही. नानाकाकांनाही बोलावू नका, लूनाच्या वेळचं पुरे झालं.

घाबरण्यासारखं काही नाही. गोलाच्या दोन्ही बाजूंना तुटक कंस असलेला दिवा पॅडचा, म्हणजे चाकाच्या डिस्कवर (चकतीवर) दाबून गाडी थांबवणाऱ्या तुकड्याचा. हँडब्रेक खाली असूनही उद्गारचिन्हाचा लाल दिवा लागला, तर मात्र ब्रेक ऑइल कमी असू शकतं. मग गाडी हलवायचीच नाही.

पॅड घासून साधारण २ ते २.५ मिलिमीटरवर आला की डिस्क पॅडमध्ये बसवलेल्या झीज-सेन्सरची तार खाते, सर्किट तुटतं, दिवा लागतो. चारही चाकांना दिवा एकच, त्यामुळे कुठलं चाक ते कळत नाही. पॅड जाड असतानाही लागतो: उष्णतेने सेन्सरचं प्लास्टिक ठिसूळ होतं, नाहीतर रस्त्यावरच्या मिठाने प्लगच्या पिना गंजतात. खड्ड्यात किंवा वळताना मिणमिणत असेल, तर माझा संशय तारेवर. सलग जळत असेल, तर आधी पॅड. तुम्ही फक्त टॉर्चने स्पोकमधून बाहेरचा पॅड बघा. तो जाड दिसला तरी निश्चिंत होऊ नका, पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन अडकला असेल तर आतला आधी संपतो. (टॉर्च आईला धरू दे. मी धरायचे तेव्हा "हलवू नकोस गं" म्हणायचात, तसं तिला म्हणू नका.)

मेकॅनिकने एकेका चाकाचा प्लग काढून सेन्सर मल्टिमीटरवर बघायला हवा. चांगला असेल तर जवळजवळ शून्य ओहम, म्हणजे तार अखंड. मग गाडीकडच्या सॉकेटच्या दोन टोकांमध्ये तारेचा तुकडा जोडायचा, दिवा विझला तर तोच सेन्सर गेला. पण ती तार तशीच ठेवून "झालं काम" म्हणू देऊ नका! पॅड १.५ मिलिमीटरखाली गेला तर एमओटीत (इथल्या वार्षिक गाडी-तपासणीत) गाडी 'धोकादायक' ठरते. पॅड बदलायचे तर त्या ॲक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या) दोन्ही चाकांचे, सेन्सरही नवे.

एक विचारते, मध्ये ब्रेक ऑइल भरलंत का? पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. वर भरलं असेल तर नव्या जाड पॅडसाठी पिस्टन मागे ढकलताना ते उतू जाऊन रंग खाईल. आधी थोडं काढून घ्यायला सांगा.

काम झाल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबायचं, मगच गाडी हलवायची. पहिले १२५ मैल जोरात ब्रेक नाही, मोटरवेही नाही.

आई, तू त्यांना खुर्ची आणि कानटोपी दे. गोळी नाश्त्यानंतर लगेच, काम संपल्यावर नव्हे. दिवा विझला का ते मला दुपारी कळवा.

तुमची,
चिमू