रात्री दहाला निघून पहाटे पाचला पोचणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीला अजून तीन आठवडे आहेत, पण आमच्या मुंबईकडच्या पुतण्याचा फोन परवाच इकडे खेडला आला. "काका, शुक्रवारी ऑफिस सुटलं की घरी येतो, जेवतो आणि रात्री दहाला गाडी काढतो. ट्रॅफिक नसतं. पहाटे पाचला दारात." गाडी नवी आहे, सात सीटची. सोबत बायको, दोन पोरं, सासूबाई आणि वाडीतले एकजण. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पण ते "पहाटे पाचला दारात" काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी एसटीत एकोणतीस वर्षं चालक होतो. त्यातली अकरा वर्षं मुंबईच्या रातराणीवर काढली. निवृत्त होताना विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तो कपाटात काचेमागे आहे आणि आल्यागेल्याला बायको तो दाखवते. पण मी आज ज्या रात्रीबद्दल सांगणार आहे, तिची नोंद सेवापुस्तकात नाही. घरातही मी ती कितीतरी वर्षं बोललो नव्हतो.

१९९६ सालची गोष्ट. पाऊस सरत आलेला. मुंबई सेंट्रलहून गाडी वेळेवर सुटली, पेणला चहा झाला, माणगावच्या स्टँडवर दोन माणसं उतरली. तिथून डबल बेल मिळाली आणि गाडी काढली, हे मला स्पष्ट आठवतं. त्यानंतरचं जे आठवतं ती एकच गोष्ट : डोक्यावर टण्ण करून वाजलेली सिंगल बेल, म्हणजे थांबा. मधलं टेमपाले कधी गेलं, लोणेरे फाटा कधी गेला, समोरून किती गाड्या आल्या, त्यांना मी डीपर दिला की नाही, काही म्हणजे काही आठवत नाही. डोळे मिटले नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. हात स्टिअरिंगवर होते, पाय अॅक्सिलरेटरवर होता, फक्त मी तिथे नव्हतो.

बेल वाजली तेव्हा डावी चाकं डांबर सोडून मुरमावर उतरली होती. ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा हेडलाइटच्या उजेडात मोरीचा पांढरा कठडा दिसत होता. खाली उतरून मी पावलं मोजली, सोळा भरली. मागे चाळीसेक माणसं झोपलेली होती. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "महाड आलं का?" कंडक्टर म्हणाला, "नाही आजी, झोपा."

तो कंडक्टर मला एका शब्दानं बोलला नाही. महाडला गाडी फलाटाला लावल्यावर चहा घेऊन आला आणि म्हणाला, "पंधरा मिनिटं आडवे व्हा. मी कंट्रोलरला सांगतो टायर बघतोय म्हणून." बोनेटवर डोकं टेकलं आणि मी मेल्यासारखा झोपलो. त्या पंधरा मिनिटांनी आम्हाला खेडपर्यंत आणलं.

आता पुतण्याचा हिशोब बघा. आमच्या वेळी मोटार वाहतुकीतल्या कामगारांसाठी १९६१ सालचा कायदा होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्यात होतं. हा कायदा आमच्यासारख्या पगारी चालकांसाठी. पुतण्या सकाळी सहाला उठणार, लोकलला लोंबकळत जाणार, नऊ तास काम करणार, परत येऊन बॅगा भरणार, पोटभर जेवणार आणि मग सात तास गाडी चालवणार. म्हणजे पहाटे चारला तो बावीस तास जागा असेल. अशा माणसाला आमच्या कुठल्याही डेपोत गाडी दिली नसती. किल्लीच हातात दिली नसती! पण स्वतःच्या गाडीची किल्ली स्वतःच्याच खिशात असते, तिथे अडवणार कोण?

आणि तो पोचणार त्या वेळेकडेही बघा. १९ मार्च २०१३ रोजी खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून गोव्याहून मुंबईला चाललेली खासगी बस नदीत पडली. सदतीस माणसं गेली. वेळ पहाटे तीनच्या सुमाराची. १९ जानेवारी २०२३ ला माणगाव तालुक्यात रेपोलीला ट्रक आणि व्हॅन समोरासमोर धडकले, एकाच गोतावळ्यातली माणसं गेली. वेळ पहाटेचीच. २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा जगबुडीतच मुंबईहून येणारी मोटार कोसळली आणि पाच जण गेले. तीही पहाटेच. कारणं निरनिराळी असतील. मी काही पंचनामा केलेला नाही, कुणाला दोषही देत नाही. पण घड्याळ मला दिसतं. रातराणीवरचे आम्ही सगळे तीन ते पाचला भ्यायचो. तेवढा वेळ कंडक्टरला मुद्दाम पुढच्या सीटवर बसवून बोलतं ठेवायचो.

झोप कशी येते हे चाकरमान्यांना कुणी सांगत नाही. "झोप आली की थांबेन" असं सगळेच म्हणतात. ती आल्याचं कळलं तर ना! तिच्या खुणा आधी दिसतात. एकामागून एक जांभया येतात. डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. मागचा गावाचा फाटा गेला की यायचाय ते आठवत नाही. गाडी उगाचच पांढऱ्या पट्टीला चिकटते. कधी वेग कमी होतो, कधी वाढतो. यातली एक खूण दिसली तरी थांबायचं. दोन दिसल्या तर आधीच उशीर झालेला असतो. ताशी ऐंशीनं जाणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. चार सेकंद डुलकी लागली, तर खो-खोच्या मैदानाच्या तिप्पट अंतर गाडी आपली आपण चालते.

काच खाली करणं, एसी वाढवणं, मोठ्यानं गाणी लावणं, तंबाखू मळणं हे सगळं मी करून बसलोय. त्यानं पाच-दहा मिनिटं फसवणूक होते, एवढंच. चहा-कॉफी चालते, पण ती लागू पडायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. म्हणून चहा प्यायचा आणि लगेच वीस मिनिटं झोपायचं. उठेस्तोवर दोन्ही कामाला येतात. झोपायचं ते पेट्रोल पंपावर, हॉटेलच्या आवारात, एसटी स्टँडच्या बाहेर, जिथे उजेड आहे तिथे. रस्त्याच्या कडेला पार्किंग लाइट लावून झोपू नका. मागून येणाऱ्यालाही झोप येत असते.

शेजारच्या सीटचं तर वेगळंच दुखणं आहे. रात्री गाडी निघाली की पनवेल मागे पडायच्या आत शेजारी बसलेला माणूस घोरायला लागतो. अहो, ती सीट कंडक्टरची आहे! तिथे बसणाऱ्यानं जागंच राहायचं. बोलायचं, चालकाचे डोळे बघायचे आणि वेळ पडली तर आरडाओरडा करायचा. झोप येत असेल तर मागे जाऊन झोपावं आणि दुसऱ्याला पुढे पाठवावं. माझा जीव वाचला तो माझ्या कौशल्यानं नाही. जो जागा होता, त्याच्या हाताला बेलची दोरी सापडली म्हणून.

रस्त्याबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. २०११ पासून मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण चाललंय. तेव्हा बालवाडीत असलेली आमच्या वाडीतली पोरं आता मोटारसायकली उडवतायत. पण रात्रीच्या चालकाला त्यातली एक गोष्ट माहीत हवी. सिमेंटचा रुंद रस्ता लागला की पाय आपोआप दाबला जातो आणि पुढे अचानक डायव्हर्जन येतं. एकच लेन, दोन्हीकडची वाहतूक, मध्ये मातीची पिंपं आणि कडेला मागचा दिवा नसलेला डंपर. डीपवर हेडलाइट चाळीस-पन्नास मीटरपलीकडे धड दाखवत नाही. ओल्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगातली मोटार थांबायला सत्तरएक मीटर घेते. वजाबाकी ज्याची त्यानं करावी. आम्ही रात्री दिव्याच्या आवाक्याबाहेर गाडी पळवत नव्हतो. एसटी हळू जाते म्हणून हसायचे लोक, पण त्यातला अर्धा हळूपणा ह्याच कारणानं होता.

पुण्याकडून येणाऱ्यांसाठीही थोडं. कुंभार्ली घाट उतरल्यावर पोफळीला आमच्या मेहुण्याची टपरी आहे. गेल्या वर्षी तिथे बसलो असताना एक मोटार आली. पुढच्या चाकांतून धूर निघत होता आणि सगळीकडे जळक्या लायनरचा वास. चालवणारा चांगला शिकलेला मुलगा. म्हणाला, "काका, पेट्रोल वाचावं म्हणून न्यूट्रलवर आणली." घाटात न्यूट्रल टाकली की सगळं वजन ब्रेकवर येतं. ब्रेक तापले की पेडल दाबलं जातं, पण गाडी ऐकत नाही. त्याहून वाईट म्हणजे इंजिनच बंद करणं. एकदा घरी अंगणात करून बघा : इंजिन बंद करून ब्रेक चार वेळा दाबा. पाचव्या वेळी पेडल दगडासारखं लागेल. तो मुलगा टपरीवरची बादली उचलून चाकांवर पाणी ओतायला निघाला होता. मेहुण्यानं हात धरला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकलं की ती वाकडी होते. अर्धा तास बसवून ठेवला, दोन भजी जास्त खपली. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे मला शिकवणाऱ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऑटोमॅटिक गाडीतही गिअर खाली घ्यायची सोय असते, फक्त ती पुस्तिकेत असते आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडलेली असते. आणि अरुंद जागी चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची. हे नियमातही आहे, पण हल्ली उतरणाराच अप्पर मारत अंगावर येतो.

मागच्या सीटच्या बेल्टवर पुतण्याशी माझं आधीच एकदा वाजलंय. "मागे कोण लावतं काका?" म्हणाला. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले, ते मागच्याच सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. गाडी भारीतली होती. गणपतीच्या गाड्यांत तर मागे सासूबाई, मांडीवर पोर, पायात नारळांचं पोतं आणि मागच्या काचेपाशी पितळी समई. गाडी आदळली की समई थांबत नाही, ती पुढे येते. समई खाली, सीटच्या मागे दाबून ठेवा आणि पोराला मांडीवरून उतरवून त्याच्या जागी बसवून बांधा. पोर रडेल. रडू दे.

आपल्या दैनिकात दर वर्षी टोलमाफीच्या पासची बातमी मोठी येते. त्या बातमीशेजारी चौकटीत एवढं छापता आलं तर बघा : रात्री झोपा, पहाटे निघा. आणि ज्यांच्या हाताखाली कोकणातली माणसं काम करतात, त्या मुंबई-ठाण्याच्या साहेबांना माझी विनंती आहे की, चतुर्थीच्या आधी एक दिवस सुट्टी द्या, म्हणजे माणूस झोपून निघेल. अर्धा दिवस सुट्टी देऊ नका. अर्ध्या दिवसात तो फक्त लवकर निघतो, झोपत नाही.

काल मी पुतण्याला उलट फोन केला. सगळं सांगितलं, १९९६ ची रात्रही सांगितली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण काका, सकाळी निघालो तर वडखळला दोन तास जातील." म्हटलं, "जाऊ देत. मिसळ खा." शनिवारी सकाळी निघायचं की नाही ते त्यानं अजून नक्की केलेलं नाही. मी मात्र सांगून ठेवलंय की, सकाळी नऊच्या आत गाडी अंगणात आली तर मी दाराची कडी काढणार नाही. बायको म्हणते, काढाल.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
ता. खेड, जि. रत्नागिरी