माया सोडून कापणाऱ्या मास्टरांना

आदरणीय मास्टर,

सादर नमस्कार.

हे पत्र तीन महिन्यांपूर्वीच लिहायला हवे होते. माझ्या पदवी-प्रकल्पाच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर मी ज्यांचे आभार मानले, त्यांत प्राध्यापक होते, कापड सवलतीत देणारे व्यापारी होते, छायाचित्रे काढणारी मैत्रीण होती. तुम्ही मात्र नव्हता. संस्थेने दिलेल्या नमुन्यात शिंप्यासाठी ओळच नव्हती, असे कारण मी बरेच दिवस स्वतःला देत राहिले. ते खरे नाही. 'सहकार्य' या शब्दापुढे तुमचे नाव सहज मावले असते. मी ते लिहिले नाही, कारण परीक्षकांसमोर सगळे काम माझ्या एकटीचे दिसावे असे मला वाटत होते. ही चूक पुस्तिकेत आता दुरुस्त होणार नाही, म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे.

तुमचे नाव याही पत्रात नाही, पण या वेळी ते तुमच्याच सांगण्यावरून. "नाव घातलेस तर उद्यापासून पँटी आखूड करायला जिन्यापर्यंत रांग लागेल," असे तुम्ही म्हणालात आणि काकूंनीही मान डोलावली. त्यामुळे वाचणाऱ्यांनी एवढेच समजून घ्यावे, की मास्टर म्हणजे फोर्टातल्या एका दुकानात आयुष्यभर पुरुषांचे सूट कापून निवृत्त झालेले आणि आता गिरगावातल्या चाळीत पहिल्या मजल्यावर राहणारे कटिंग मास्टर.

माझ्या प्रकल्पाचा विषय होता दक्षिण मुंबईतल्या ओव्हल मैदानाच्या दोन बाजू, आणि त्यांवरून करायचे पोशाख. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठाचे ग्रंथालय आणि 1878 मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर अशी टोकदार कमानींची व्हिक्टोरियन गॉथिक रांग. पश्चिमेला 1930 च्या दशकात उभी राहिलेली, ठळक रेषांच्या आणि गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको शैलीतल्या घरांची रांग. आज मैदानात उभे राहिले की या दोन रांगा एकमेकींकडे पाहत आहेत असे वाटते. पण पूर्वेकडच्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा त्यांच्यासमोर समुद्र होता, आणि समुद्र हटवून केलेल्या बॅकबेच्या भरावावर पश्चिमेची रांग आल्यावर तो त्यांच्या नजरेआड गेला. 2018 मध्ये युनेस्कोने या दोन्ही शैलींच्या मिळून 94 इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत घेतला. एवढी माहिती जमवून, चार पोशाखांची चित्रे काढून आणि स्वतःवर बरीच खूश होऊन मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले होते.

त्या चित्रांत जाकिटाच्या पाठीवर राजाबाई टॉवर छापलेला होता आणि स्कर्टच्या घेरावर इरॉस सिनेमा. तुम्ही चष्मा पुसून चारही कागद पाहिलेत आणि म्हणालात, "हे कॅलेंडर झाले. यात शिवायचे काय आहे?" मला राग आला होता, तो बहुधा दिसलाही असेल. घरी जाऊन मी आईला सांगितले, की जुन्या माणसांना प्रिंट कळत नाही. पण शिवायचे काय आहे, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तेवढ्यासाठी मी पुढच्या रविवारी परत आले.

तेव्हा तुम्ही मला पश्चिमेच्या रांगेसमोर, एम्प्रेस कोर्ट आणि रज्जब महालाच्या बाजूला, एकाच जागेवरून सकाळी आठला, दहाला आणि अकराला पाहायला सांगितलेत. ही घरे मैदानाकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून आहेत. आठ वाजता ऊन समोरून येते, तेव्हा खिडक्यांवरचे आणि गॅलऱ्यांवरचे सिमेंटचे छज्जे भिंतीत विरून जातात आणि सगळा दर्शनी भाग सपाट दिसतो. ऊन जसे चढते तसतशी प्रत्येक छज्ज्याखाली सावलीची पट्टी उतरू लागते. अकराच्या सुमारास आडव्या रेषा इतक्या ठळक होतात, की ते घर रेघा मारूनच बांधले आहे असे वाटावे. मी वर्षभर ज्यांना 'आर्ट डेकोच्या रेषा' म्हणत होते, त्या रंगवलेल्या नव्हत्याच. पुढे आलेला छज्जा ऊन आणि पाऊस अडवतो आणि त्याचे काम करता करता रेघ ओढतो. मुंबईच्या हवेत राहायचे म्हणून आलेली गोष्ट मी नुसती नक्षी म्हणून उतरवून घेतली होती.

प्रिंट त्याच दिवशी रद्द झाली. कापडावर सावली पडायला हवी असेल तर कापडातून काहीतरी वर यायला हवे, म्हणून आपण पायपिंगकडे, म्हणजे आत दोरी घालून शिवलेल्या उठावदार पट्टीकडे वळलो. पहिल्या नमुन्यात मी 2 मिलीमीटरची दोरी वापरली. मांजरपाटावर ती नुसत्या टिपेसारखी दिसली. 4 ची बरी होती. 6 ची दोरी घातल्यावर खिडकीच्या उजेडात तिच्याखाली खरोखर सावली धरली. मात्र खांद्यावरून मुंढ्याकडे वळताना पट्टीला सुरकुत्या पडू लागल्या, कारण कापड वाचवण्यासाठी मी पट्ट्या उभ्या धाग्यात कापल्या होत्या. तुम्ही काही न बोलता कापड तिरके अंथरलेत, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे खडूची रेघ मारलीत आणि उरेब पट्टी कापून दिलीत. ती वळणावर अशी बसली, जसे त्या घरांच्या गॅलऱ्यांचे गोल कोपरे बसलेले असतात. उरेब कापड ताणले जाते हे मी पहिल्या वर्षी पाठ केले होते. पण आपल्या वळणाला ते हवे आहे, हे मला सुचले नव्हते. तेव्हा तुम्ही सहज बोलून गेलात, की त्या छज्ज्यांच्या पोटातही सळई असते, आणि सळई आहे म्हणूनच ते खाली टेकू न घेता पुढे येतात. तुम्ही वास्तुशास्त्र शिकलेला नाहीत. माझ्या पुस्तिकेत प्रबलित काँक्रीटवर पूर्ण एक पान होते, तरी दोरीचा आणि सळईचा संबंध तुम्हाला दिसला, मला दिसला नाही.

पण तुमचे सर्वांत मोठे ऋण कॉलरचे आहे.

सोहराबजी भेडवार यांनी आखलेले आणि 1938 मध्ये सुरू झालेले इरॉस सिनेमा चर्चगेट स्थानकासमोर कोपऱ्यावर उभे आहे. त्याचा मनोरा वर जाताना एकेक टप्पा मागे सरत जातो. हे टप्पे मला कॉलरमध्ये हवे होते, म्हणून मी एकावर एक चार कॉलरी चढवल्या आणि प्रत्येकीत बकरम, म्हणजे आतले ताठ कापड, घातले. त्या वजनाने जाकिटाचा गळा मागे ओढला जाऊ लागला. घालून पाहणारी मैत्रीण म्हणाली, की मानेवर कोणीतरी पाट ठेवल्यासारखे वाटते. मी ती कल्पना सोडून द्यायच्या बेतात होते. तुम्ही तुमचा स्वतःचा जुना कोट खुंटीवरून काढलात, कॉलरीची शिवण उसवलीत आणि आतली माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेले कापड, मला दाखवलीत. वरच्या कापडाची माया सर्वांत रुंद होती, तिच्या आतली थोडी अरुंद, कॅनव्हासची तर शिवणीच्या अगदी जवळ कापलेली. सगळे थर एकाच रेषेत कापले तर इस्त्रीनंतर बाहेरून कड उमटते, म्हणून चांगला मास्टर ते पायऱ्यांनी कापतो आणि मग पायऱ्या आत बंद करून टाकतो. "हे घे तुझे इरॉस," तुम्ही म्हणालात. "आम्ही ते कोणाला दाखवत नाही एवढेच."

त्या क्षणी माझा प्रकल्प बदलला, असे म्हटले तर तुम्हाला ते नाटकी वाटेल. तरी मी म्हणते. आपण चारपैकी तीन कॉलरी काढून टाकल्या आणि उरलेली एक उलटी शिवली. आतल्या मायेच्या पायऱ्या बाहेर आल्या, प्रत्येक कडेला बारीक गोट लागला, आणि ज्या गोष्टीने गळ्याचे वजन कमी होते तीच त्याची शोभा झाली. परीक्षकांपैकी एकीने जाकीट हातात घेऊन सर्वांत जास्त वेळ पाहिले ते इथे. ही कल्पना कुठून आली, असे तिने विचारलेही होते. मी म्हणाले, "इरॉसच्या मनोऱ्यावरून." ते अर्धेच उत्तर होते.

पूर्वेकडच्या रांगेवरून केलेल्या लांब स्कर्टबद्दल फार लिहीत नाही, कारण तो तुम्हाला आवडला नव्हता आणि तुमचे बरोबर होते. टोकदार कमानीच्या आकाराच्या कळ्या मी घेरात बसवल्या होत्या. कळीच्या टोकाशी सुई कापडात रुतवूनच मशीन थांबवायचे, मग कापड फिरवायचे आणि त्या टोकाखाली आधाराला कापडाचा लहानसा तुकडा घ्यायचा, हे तुम्ही शिकवलेत म्हणून निदान टोके फाटली नाहीत. पण विद्यापीठाच्या इमारतींचे बाहेरून दिसणारे चक्राकार जिने समोर असताना मी कमानीच का धरून बसले, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

एक गंमत मात्र इथे नोंदवायला हवी. न्यू इंडिया अॅश्युरन्सची फोर्टातली 1936 ची इमारत, तिच्या उभ्या रेषा आणि एन. जी. पानसरे यांची शिल्पे दाखवायला तुम्ही मला घेऊन गेला होता. ती आखणाऱ्या वास्तुविशारदांचे नाव मास्टर, साठे आणि भुता, असे मी सांगितल्यावर तुम्ही टोपी सारखी करून म्हणालात, "पहिले नाव कोणाचे आहे बघितलेस ना?" आणि परतताना वाटेत भेटलेल्या दोन ओळखीच्यांना तुम्ही ते सांगितलेत.

आता त्या बुधवारबद्दल. परीक्षणाला पाच दिवस उरले असताना मी जाकीट घरी नेले आणि वाफेची इस्त्री फिरवली. दोन मिनिटांत पाठीवरच्या अकराही पायपिंगा आकसल्या आणि पाठ पापडासारखी गोळा झाली. कापड मी पाण्यातून काढून वाळवले होते. आतली सुती दोरी मात्र पाण्यातून काढली नव्हती. दोरीही आटते, हे तुम्ही मला पहिल्याच महिन्यात सांगितले होते आणि मी ते वहीत लिहूनही ठेवले होते. रात्री साडेनऊला मी तुमच्या दारात उभी राहिले, तेव्हा तुम्ही एका शब्दाने त्या वहीची आठवण काढली नाहीत. काकूंनी जेवणाची ताटे उचलली, टेबलावर जुनी चादर अंथरली आणि ब्लेड घेऊन उसवायला बसल्या. त्यांच्या हाताने कापडाचा एकही धागा तुटला नाही. माझ्या हाताने दोन ठिकाणी भोके पडली, जी तुम्ही दुसऱ्या दिवशी पायपिंगखाली घेतलीत. दोरी रात्रभर पाण्यात राहिली, सकाळी गॅलरीतल्या तारेवर वाळली, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत धावदोऱ्याने पुन्हा अडकवली गेली, आणि शनिवारी तुम्ही तुमच्या मशीनवर टिपा मारल्यात. त्या अकरा टिपांपैकी माझ्या फक्त चार आहेत. परीक्षकांना मी सर्व शिवण स्वतः केल्याचे सांगितले होते. ते खरे नव्हते, आणि ही गोष्ट मी गेल्या आठवड्यात माझ्या मार्गदर्शकांनाही जाऊन सांगितली आहे.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. दर रविवारी मी आणलेली बिस्किटे काकूंनी चहाबरोबर मलाच वाढली. खडू, सुया, कॅनव्हासचे तुकडे, मशीनचे तेल हे सगळे तुमचेच वापरले गेले, आणि अकरा रविवार तुमच्या दुपारच्या झोपेचे खोबरे झाले. या सगळ्याबद्दल मी तुमची आणि काकूंची मनापासून ऋणी आहे.

शेवटी एक विनंती, आणि ती थोड्या संकोचानेच करते. संस्थेच्या प्रदर्शनासाठी ते जाकीट पुन्हा मागवले आहे, या वेळी पुस्तिकेत तुमच्यासाठी 'कटिंग मास्टर, गिरगाव' अशी ओळ मी घालून घेतली आहे, नावाशिवाय. पण जाकीट जी मुलगी घालणार आहे तिला ते छातीत पाऊण इंच कमी पडते. "बाजूच्या शिवणीत इंचभर माया राहू दे, जाकीट एकाच माणसाचे नसते," असे म्हणून तुम्ही मला ती कापू दिली नव्हती. ती आता सोडावी लागेल, आणि पायपिंगच्या टोकांशी ती कशी सोडायची हे मला एकटीला जमणार नाही. येत्या रविवारी तीन वाजता जाकीट घेऊन येते. काकूंना ब्लेड काढून ठेवायला सांगावे. नवीन दोरी मी भिजवून, वाळवून आणते आहे.

आपली नम्र,
ओव्हलवर अकरा वाजेपर्यंत थांबलेली विद्यार्थिनी